कांदा लावा, फॅमिलीसह

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी साडेदहा.
आजपासून रोज पाचला उठणे. (आज धरायचा नाही.)
धंदा करायचं पक्कं केलं. कारण एकच, हर्षाली. तिचे वडील संपततात्या काल सोसायटीच्या ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, पौष संपला की पोरीला स्थळं बघाया लागतो. पौष संपतो अठरा जानेवारीला. कॅलेंडर तीनदा बघितलं, पुढच्या पानावरही तेच. म्हणजे हातात दीड महिना. तेवढ्यात तात्यांच्या नजरेत जावई म्हणून बसायचं आहे. सध्या त्यांच्या नजरेत मी 'शीलाच्या नणंदेचा पोरगा, राजुरीहून कॉलेज सोडून मामाकडं येऊन पडलेला'. (शीला म्हणजे मामी.)
दुरुस्ती: मी कॉलेज सोडलं नाही. प्राध्यापकाशी तत्त्वाचा वाद झाला. मध्ये एक खुर्ची आली.
आणि महाळुंग्यात मी तात्पुरता आहे. आठ महिनेच झालेत.

४ डिसेंबर, गुरुवार. दुपारी.
मामीने किराणा आणला. शेंगदाण्याच्या पुडीला पेपरची पुरवणी होती. 'यंदा सुट्टीत काय ट्रेंडिंग?' शहरातली कुटुंबं म्हणे आता रिसॉर्टला कंटाळली. त्यांना अनुभव पाहिजे. पोराबाळांना मातीत हात घालायला लावायचाय आणि त्याचे पैसे द्यायचेत. पुरवणी कोणत्या वर्षाची, ते तेलाच्या डागात गेलं. पण ट्रेंड तो ट्रेंड.
इकडे तात्या कांदा लागणीला बाया मिळत नाहीत म्हणून गावभर हिंडतायत. एकीकडे माती हवी असलेली माणसं, दुसरीकडे माणसं हवी असलेली माती. मधला पूल मी. अंगावर काटा आला. मामी म्हणाली, थंडीये, स्वेटर घाल.

६ डिसेंबर, शनिवार.
तात्यांना प्लॅन सांगितला. ते म्हणाले, इंजिनीअर, म्हंजी लोकं पैशे देऊन माझ्या रानात राबणार? म्हटलं, हो, वर फोटोही काढणार. आन जेवण? म्हटलं, जेवण मामी करणार. (मामीला सांगायचंय.) तात्या बराच वेळ हसले. मग खोकले. मग परत हसले. मी शांत राहिलो. फक्त बांधावरची एक बादली लाथेनं उडाली.
हर्षाली ट्रेलरमधून रोपांच्या जुड्या उतरवत होती. ॲग्री झाल्यापासून रान तीच बघते. ती म्हणाली, अर्धा एकर देऊन बघू तात्या, नायतरी रोपं जून व्हायला लागलीत.
माझ्यासाठी बापाशी भांडली. शब्द शेतीचे होते, पण मी सूर ओळखतो.
मग मला म्हणाली, तू कधी लागण केलीयस का? म्हटलं, थिअरी क्लिअर आहे.

९ डिसेंबर, मंगळवार.
व्हिजिटिंग कार्ड छापली. सोमाजी हे मला ठेवलेलं आजोबांचं नाव, ते कार्डावर शोभत नाही. 'सोम, फाउंडर' असं टाकलं. पप्पूकडून रील करून घेतली. पप्पू म्हणजे 'घोडकाठ लाईव्ह' या चॅनेलचा संपादक, कॅमेरामन आणि ड्रायव्हर. चारशे सबस्क्रायबर, त्यात निम्मे चुलतभाऊ. रीलवर मोठ्या अक्षरात: कांदा लावा, फॅमिलीसह. २५ ते २८ डिसेंबर.
११.४२ ला हर्षालीचा लाईक. स्क्रीनशॉट काढला. मामाच्या फोनवरही पाठवून ठेवला, माझा हरवला तर.

१३ डिसेंबर, शनिवार.
फोनवर फोन. एकाने विचारलं, बिबट्या दिसेल का. पॅकेजमध्ये नाही म्हटलं, तर म्हणतो मग रेट कमी करा. त्याला बरंच काही सांगितलं. दुसरा म्हणाला, स्विमिंग पूल? म्हटलं, विहीर आहे, ढकलायला माणूसही आहे. तिसऱ्या बाईंनी चिखल स्वच्छ असेल ना म्हणून विचारलं. नंतर काय झालं आठवत नाही. मामी म्हणते, गल्ली गोळा झाली होती.
संकल्प: रागावर ताबा. सोमवारपासून.
संध्याकाळी हर्षाली म्हणाली, फोन नंबर माझा टाक, तू चिडतोस. माझं ओझं तिने आपण होऊन उचललं. हे लोक कशासाठी करतात, मला ठाऊक आहे. तासाभरात तिने पुण्याची चौदा माणसं पक्की केली. म्होरक्या कोणी नूतन मॅडम.

१८ डिसेंबर, गुरुवार. दुपारी.
साळूमावशीकडे ट्रेनिंग. मावशी डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची. भात झोडून झालं की दरवर्षी बायांची टोळी घेऊन लागणीला खाली येते. या वर्षी दुसऱ्यांकडे बुक. म्हणाली, बस वाफ्यात, दावते. रोप वरच्यावर टेकवायचं, आंगठ्यानं मूळ तेवढं दाबायचं, मधी चार बोटं सोडायची. लई खोल घातलंस तर पातच व्हती, कांदा न्हाई.
दहा मिनिटांनी माझी कंबर गेली. मावशी म्हणाली, एवढ्यात म्हातारा झालास व्हय रं. बाया हसल्या.
फाउंडरने स्वतः लागण करायची नसते. त्याने दिशा द्यायची असते.

२५ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी सहा.
ऐतिहासिक दिवस.
पाहुणे तीन गाड्यांतून, दोन तास उशिरा. सगळ्यांना नाताळच्या लाल टोप्या वाटल्या. तात्यांनाही दिली. त्यांनी ती ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर घातली.
मग मार्गदर्शन. नूतन मॅडमनी विचारलं, किती खोल? चौदा माणसं तोंडाकडे बघतायत आणि मला मावशीचं एक अक्षर आठवेना. म्हटलं, बोटभर, घट्ट बसलं पाहिजे. आत्मविश्वासाने सांगितलं की लोक ऐकतात. एका काकांनी पात खाली, मुळं वर लावली. एका आजोबांना वाफ्यात प्लास्टिकची खुर्ची दिली, ती त्यांच्यासकट हळूहळू खाली गेली. एका पोराने रोपांनी वाफ्यात इंग्रजीतून 'हॅपी न्यू इयर' लिहिलं, 'इयर' पाटात गेलं.
त्यावरून सुचलं. सगळे पिठलं-भाकरी खात होते तेव्हा मी विहिरीकडच्या शेवटच्या वाफ्यात एकटा बसलो. इंग्रजी एच. मध्ये बदाम. मग एस. एस वळवताना बांधाला टेकला, पण वाचता येतो. काय की, त्या वेळी मावशीचं सगळं आठवलं. अंगठा, मूळ, वरच्यावर. फक्त चार बोटांनी अक्षर तुटक दिसत होतं म्हणून जवळजवळ लावली. कंबरदुखीचा पत्ताच नव्हता.
पात वाढेल, एक दिवस हर्षाली पाणी भरायला येईल आणि वाचेल. तोवर कोणाला कळणार नाही.
पाहुण्यांच्या पोराकडे ड्रोन होता. त्याने सगळं रान वरून शूट केलं. पप्पूला बजावलं, अजिबात कापू नको, सगळा तालुका बघू दे.

२७ डिसेंबर, शनिवार.
पाहुणे एक दिवस आधीच गेले. कंबरा.
साळूमावशी वाटेनं जाताना थांबली. वाफ्यातून एक रोप उपटलं, मुळापासून शेंड्यापर्यंत चिखल. म्हणाली, ही लागण हाय का पुरलंय?
तात्या बांधावर उभे राहिले, तंबाखू मळली आणि खायची विसरले. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी.
पप्पूचा व्हिडिओ आला. मथळा: 'पर्यटकांनी लावली अर्ध्या एकराची वाट'. एकेचाळीस हजार लोकांनी बघितला. शेवटी ड्रोन विहिरीवर जातो, थांबतो, खाली येतो. एच. बदाम. एस. पप्पूने भोवती लाल गोल काढलाय, वर बाण.
जाब विचारला तर म्हणतो, कापू नको तूच म्हणाला व्हतास राव, आन व्ह्यूज बघ ना.
त्याचा माईक पाटात टाकला. मग मीच उतरून काढला. सध्या मामीच्या तांदळाच्या डब्यात आहे.

२९ डिसेंबर, सोमवार.
घराबाहेर गेलो नाही. मामीने ताट वाढताना विचारलं, एच म्हंजी कोण रं? तिला माहीत आहे. सगळ्या महाळुंग्याला माहीत आहे. राजुरीहून वडिलांचा आठ महिन्यांनी पहिला फोन आला. म्हणाले, एस नीट काढता येत नाही तुला.

३१ डिसेंबर, बुधवार. दुपारी.
तात्यांनी बोलावलं. जाताना ठरवलं, पुरुषासारखं समोरासमोर बोलायचं. इस्त्रीचा शर्ट.
तात्या आणि हर्षाली त्याच वाफ्याशी उभे. तात्या म्हणाले, पावण्यांचं निम्मं रोप माना टाकून पडलंय, उरल्यालं उपटून परत लावायचं. साळूबाईची टोळी मोकळी झालीय. तू तिच्या हाताखाली. मजुरी न्हाई.
म्हटलं, चालेल. एवढा शांत मी कधीच नव्हतो.
हर्षाली वाकून बघत होती. म्हणाली, अख्ख्या रानात एवढाच वाफा नीट लागलाय. कुणी लावला?
म्हटलं, मी.
म्हणाली, हात चांगलाय. पण दाट झालंय, पोसणार नाय. उपट आणि चार बोटांवर लाव.
तात्या मोटर बघायला गेले. मुद्दाम गेले असावेत. मी विचारलं, एच पण?
तिने सरळ माझ्याकडे बघितलं. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, त्यातलं मला कळतं. म्हणाली, एच आधी उपट, सोमाजी.

१९ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी.
पौष काल संपला.
हर्षालीने तात्यांना सांगितलंय, मे महिन्यात कांदा निघेपर्यंत स्थळांचं नाव काढायचं नाही, शनिवार-रविवार सगळे बुक आहेत. नवीन रील तिने केली: 'साळूमावशीकडून शिका'. मावशी काठी घेऊन वाफ्यात फिरते, पुण्याचे लोक चार बोटं मोजतात. चुकलं की मावशी ओरडते. त्याचा वेगळा व्हिडिओ काढतात. पप्पूचा माईक वाळला, तोच वापरतात.
माझी ओळ तिसरी, टोळीतल्या भागूच्या शेजारी. काल नूतन मॅडम परत आल्या होत्या. मला ओळखलं नाही. नातवाला म्हणाल्या, या लोकल शेतकरीदादांबरोबर फोटो काढ. नाव विचारलं. सोमाजी सांगितलं.
विहिरीकडच्या वाफ्यातली रोपं मी तेव्हा टोपलीत घेतली आणि सगळ्या रानात जिथं रोपं मरून खाडे पडले होते तिथं लावली. सगळी लागली. आज शोधायला गेलो तर एकही ओळखू येईना.
उद्या पाचला उठणे. मावशी दारात येऊन हाक मारते.