डिकीवरचा हार

रविवार, संध्याकाळ

आजचं आजच लिहून ठेवतो.

नवी गाडी आल्यापासून रिव्हर्स टाकला की पीं पीं पीं, मागे काही नसतानाही. हीच गाडी घेतलेल्यांच्या ग्रुपवर मी तावातावाने विचारलं, सेन्सर खराब निघाला का? एकाने उलट मलाच विचारलं, मागे हार लटकतोय का? लटकत होताच. आईने निर्मळ गावातल्या फुलांच्या वाडीतला झेंडू आणून स्वतः ओवलेला, डिकीवरून थेट बंपरपर्यंत. कॅमेऱ्यातही नुसता झेंडूच दिसायचा. काढतो म्हटलं तर आई म्हणाली, "सुकेपर्यंत तरी राहू दे रे." राहू दिला. आणि पीं पीं ऐकायचं सोडून दिलं.

आज सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेत होतो. आई वर घरातच आहे असं मी धरून चाललेलो. पीं पीं सुरू झालं. वाजू दे, हारच तो. मग आवाज सलग झाला. तरी पाय ब्रेकवर गेला नाही. का नाही गेला? समोरून वॉचमन दोन्ही हात वर करून धावत आला, तेव्हा गेला.

उतरलो. आई मागे वाकून सुटलेला हार बांधत होती. बंपर तिच्या गुडघ्याला टेकलेला.

मी तिला हात धरून बाजूला घेतलं. ती म्हणाली, "अरे, गाडी तर केव्हाची ओरडत होती. मला वाटलं, तू ऐकतोयस."