मारलूस : फक्त पाट्यांसाठी

२ मार्च
मारलूस गेली. म्हणजे ग्रोनिंगेनला, बहिणीकडे. हवापालट, दुसरं काय. सोबत कपाट नेलं. असो, बायकांना कपडे लागतात.
संकल्प: तिच्या नावाचा टाइपफेस, म्हणजे छपाईचं नवं अक्षरवळण, पुरा करायचा. नाव 'मारलूस'. प्रत्येक अक्षराच्या पायाशी जी आडवी शेपटी असते, सेरिफ, तिला एक गिरकी, तिच्या कानामागच्या बटेसारखी. बघेल आणि पाघळेल.

९ मार्च
'एस' असा झोकात आलाय की वा! छापखान्यातला फोप्पे म्हणाला, वाउटर, दोन शब्दांपुरतं झकास आहे बघ, तिसऱ्याला डोकं धरतं. त्याला काय कळतंय कप्पाळ.

१४ मार्च, सकाळी
मारलूसला सात पानी पत्र धाडलं. सगळं ह्याच अक्षरात. बारीक टायपात.

१८ मार्च
तिचा फोन! म्हणाली, अरे बाबा, पहिल्याच पानावर डोळे गेले माझे, काय लिहिलंयस ते तोंडी सांग. मी तिला 'एस'ची गिरकी समजावून सांगितली. मग म्हणाली, तूही असाच आहेस रे. दारावर शोभतोस, रोज वाचायला नाही जमत.
शोभतोस म्हणाली! म्हणजे अर्धं काम झालं. आता दारावर नवी पाटी: 'वाउटर आणि मारलूस'.

२५ मार्च
शनिवारी अकराला येते म्हणाली, डायरी बघून. फोप्पे फिदीफिदी हसला, स्वतःच्या बायकोची अपॉइंटमेंट! हसायला काय झालं? माझी सख्खी आईसुद्धा वेळ ठरवूनच येते.
पाटी ठोकली. निळं इनॅमल, पांढरी अक्षरं. दोन नावांना जोडणारं 'आणि'चं चिन्ह तर बघतच राहावं.

२९ मार्च, शनिवार
आली. दारातच थबकली. पाटीकडे बघता बघता डोळे भरले तिचे. मनात म्हटलं, जिंकलो.
कॉफी केली. पाहुण्याने एकच बिस्किट घ्यायचं आणि लगेच डबा बंद, ही आमच्याकडची रीत; तिनेही एकच घेतलं. झाकण मी मुद्दाम लावलं नाही, घरच्या माणसाला कसली आलीये रीत. तिनेच लावलं.
मग म्हणाली, किती सुंदर केलंयस रे. मला एक करून देशील? म्हटलं, अगं, ही तुझीच आहे की! तर मान खाली घालून म्हणाली, अशी नको. 'पीम आणि मारलूस' अशी.
पीम म्हणजे तिच्या बहिणीचा शेजारी. दातांचा डॉक्टर.
हो म्हणालो. इतक्या वर्षांत माझ्या हातचं काही तिने पहिल्यांदाच मागितलं, नाही कसं म्हणू?

३० मार्च
मोठा 'पी' काढायचाच राहिला होता. आज काढला. मारलूसच्या 'एम'शेजारी ठेवून पाहिला. शोभतो. माझ्या 'डब्ल्यू'पेक्षा बरा शोभतो मेला.
खूप रडलो. उद्या पाटी इनॅमलच्या भट्टीवाल्याकडे द्यायची आहे.