दोनदा पडलेलं भेंडीचं पाणी

मी आकाराम सखाराम चौगुले, वय सत्तावन्न, धंदा गुऱ्हाळ, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते यकृत. परवा ते काढून तिथे धाकटा भाऊ ज्ञानू याच्या यकृताचा तुकडा बसवणार आहेत. दारूचा थेंबही न घेता ते बिघडले, ही ओळ भावकीने दोनदा वाचावी.

१. राहते घर पत्नी बाळाबाई हिला. ती असेपर्यंत कोणी वाटणीचा विषय काढू नये. माझी कलेजी सुधारावी म्हणून तिने दवाखान्यात बकऱ्याची कलेजी डब्यातून चोरून आणली. मी माफ केले आहे, डॉक्टरांनी अजून नाही.

२. दोन्ही म्हशी मुलगी क्रांती हिला. जावईबापूंना काळी म्हैस धार काढू देत नाही, यात म्हशीचा दोष नाही.

३. गुऱ्हाळ, काहील, फावडी आणि साचे ज्ञानूला. याचे कारण लांबलचक आहे, पण लिहिणे भाग आहे.

काहिलीत उसाचा रस तापला की रानभेंडी चोळलेले पाणी घालतात, मग मळी वर येते. कमी पडले तर गूळ काळा होतो, जास्त झाले तर बसत नाही. अकरा वर्षांपूर्वी एक आधण, म्हणजे अख्ख्या काहिलीचा गूळ, बसलेच नाही. गूळ घ्यायला आलेल्या अडत्यासमोर मी ज्ञानूवर ओरडलो, "हात हाय का फावडं? किती वतलीस भेंडी?" आणि त्याला गुऱ्हाळातून हाकलले. तो कबनूरला यंत्रमागावर कामाला गेला. पुन्हा आला तो माझे दुखणे ऐकून. दारातच म्हणाला, "माझं घ्या की."

काल भूल देणाऱ्या डॉक्टर प्रियदर्शनी आल्या होत्या. यकृत कापताना रक्त फार जाते, म्हणून धरलेली गुठळी विरघळू न देणारे औषध शिरेतून देणार म्हणाल्या. मी म्हटले, "मग भरपूर सोडा की."

"तसं नाही काका. जास्त झालं तर नको तिथं रक्त गोठतं. कुणाला किती उपयोग होतो, यावर आम्हा डॉक्टरांचंही एकमत नाही. रक्त तपासत तपासतच ठरवतो. आणि ज्यानं दिलं त्यानं मोठ्यानं सांगायचं, लिहून ठेवायचं. नाहीतर दुसरा येऊन परत देतो."

मला गुऱ्हाळातला तो दिवस आठवला. त्या दिवशी भेंडीचे पाणी मी आधीच घातले होते आणि कोणाला बोललो नव्हतो. ज्ञानूने येऊन पुन्हा घातले. माझी रिकामी बादली मला त्याच दिवशी सापडली, तेव्हाच ते ध्यानात आले होते. पण थोरलेपणा आडवा आला आणि मी गप्प बसलो. मला याची लाज वाटते.

४. वरील कलम मी मेल्यावरच वाचावे, असे आधी ठरवले होते. आता सांगितले आणि ज्ञानू फिरला, तर मी जगत नाही. भीती खरी आहे. पण त्याला अंधारात ठेवून त्याचा तुकडा अंगात घ्यायचा नाही. म्हणून सही करण्याआधी त्याला वाचून दाखवतो.

पुरवणी. वाचून दाखवले. ज्ञानू मोसंबी सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हाईत हाय मला. वतल्यावर काहिलीत बघितलं, भेंडी दुप्पट झालेली, तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"अडत्याम्होरं थोरल्या भावाला खोटं पाडू व्हय?"

मी रडलो. बाळाबाई रडली आणि वर दोघांनाही शिव्या घातल्या. ज्ञानू फिरलेला नाही.

५. सबब कलम तीन बदलतो. गुऱ्हाळ आजपासूनच ज्ञानूचे, त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. वाचलो तर मी त्याच्या हाताखाली काम करीन. त्याची एकच अट आहे, ती त्याच्याच शब्दांत: "भेंडी वतली की मोठ्यानं वरडायचं, दादा." मला मान्य आहे.

सही: आकाराम सखाराम चौगुले
कोल्हापूर, ९ जानेवारी २०२५

आमच्यासमक्ष सही झाली:
१. आरिफ चमन मुल्लाणी, शेजारी
२. गणपतराव दत्तू खाडे, गुळाचे अडते. त्या दिवशी हजर होतो, आजही आहे.