आबांची लाल खोळ

बुरोंडी, ९ जानेवारी

ती. महिपतआबांस,
ऋत्विकचा सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहितो.

आबा, सापडली! तुमची लाल खोळ सापडली! माळ्यावर, जुन्या जाळ्यांच्या ढिगाखाली. नौदलातून रजेवर आलात तेव्हा ठेवून गेला होतात तीच. विमानामागे लांब दोराने ही लांबलचक कापडी नळी ओढायची आणि खालच्या जहाजांनी हिच्यावर तोफांचा नेम धरायचा, हे तुम्ही माझ्या लहानपणी सांगायचात. दोर सोडायला तुम्ही त्याच विमानात! कोणाचा नेम पुढे गेला असता तर?

तुमच्या स्क्वाड्रनचा इतिहास लिहिला जातोय आणि सव्वीस तारखेला कोचीत तुमची जुनी माणसे जमणार, म्हणून खोळ नीट करूनच पाठवायची ठरवली. सगळी भोके मी पांढऱ्या सुताने विणून बुजवली. फाटके जाळे आपल्या घरातून कधी बाहेर पडत नाही, मग खोळ तशी कशी पाठवू? मथुराकाकी म्हणते, पोराने नववीत शाळा सोडली, पण सुई सोडली नाही.

तुमचे उत्तर आले की पार्सल करतो. दीपालीआत्याला नमस्कार. या पोरावर माया असू द्यावी.
तुमचा ऋत्विक

कोची, १४ जानेवारी

चि. ऋत्विकास,
अनेक आशीर्वाद. आणि एक धपाटा.

अरे शहाण्या, ती भोकेच तर इतिहास! आमच्या स्क्वाड्रनने टपाल नेले, औषधे नेली, हरवलेल्या होड्या शोधल्या. सगळ्याचे फोटो आहेत, पण ते वैमानिकांचे. मागे तोंड करून बसणाऱ्या दोरवाल्याचा एकही नाही. उतरल्यावर मी खोळ मैदानात पसरायचो आणि कोणाचा नेम लागला ते भोकांवरून ठरायचे. मी तिथे होतो याला तेवढीच साक्ष होती. आता काय दाखवू, चादर?

दीपाली बापावर हसून हसून बेजार झाली आहे. मला हसू येत नाही. पाठवू नकोस.
महिपतआबा

बुरोंडी, १८ जानेवारी

ती. आबांस,
सा. न. वि. वि. तुमचे पत्र वाचून जेवण गेले नाही. लगेच उसवायला बसलो, तर काकीने हातावर फटका दिला. म्हणाली, आधी वाऱ्यावर धरून तर बघ, मग मोड.

वरच्या सड्याच्या उघड्या माळावर बांबू रोवून बांधली. दुपारचा खारा वारा सुटला आणि आबा, ती भरली! तोंडापासून शेपटापर्यंत अशी ताठ उभी राहिली की खाली बंदरातली माणसे होड्या सोडून वर धावली. काकी ओरडली, आबा आकाशात हे बघत होते होय! वीण घट्ट होती म्हणूनच वारा राहिला, नाहीतर लोंबली असती.

चुकलो ते खरे. पण तुमचे न ऐकता पार्सल केले आहे. एकदा वाऱ्यावर बांधा, मग काय बोलायचे ते बोला. तोवर मला चैन नाही.
तुमचाच ऋत्विक

कोची, २७ जानेवारी

चि. ऋत्विकास,
पोटभर आशीर्वाद!

काल सगळे जमले तेव्हा मी खोळ पिशवीतून काढणारच नव्हतो. दीपालीने काढली आणि अंगणातल्या झेंड्याच्या जुन्या खांबाला बांधली. समुद्रावरून वारा आला. खोळ भरली. आमचे सर्वांत वयस्क वैमानिक काठी टेकत पुढे आले. म्हणाले, एवढी वर्षे ओढली, पण उडताना आज पहिल्यांदा पाहतोय. खरेच की रे! ते पुढे बघून विमान चालवायचे, खोळ मागे. विमानातून ती पाहिलेला त्या अंगणात मी एकटा! मग जो तो मलाच विचारू लागला.

माझा खोळीखाली फोटो काढला. इतिहासात घालणार आहेत.

आणि तुझी भोके? लाल कापडावर पांढरी वीण लांबून दिसते. जहाजावरचे दोन म्हातारे तोफवाले आले होते. एकाने एका विणीवर बोट ठेवले, हा नेम माझा. दुसरा म्हणाला, तुझा कसला, तुझे गोळे माशांनी खाल्ले. वारा पडला, चहा आला, तरी दोघे भांडतच होते.

उसवू नकोस कधी काही. काकीला सांग, तिचा फटका मला पोचला. येत जा, लिहीत जा, म्हाताऱ्याला विसरू नकोस.
तुझा दोरवाला आबा