जिवंत माणसाच्या दुखवट्याबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप हंबीरदादा यांस, धाकट्या लालासाहेबाचा दंडवत. पत्र पोचेल तवा तुमी हयात असाल असं धरून चाललोय. वहिनींचे गुडघे कसे हायत? आमच्या विश्वजितच्या लग्नातल्या त्या फेट्यापासनं आठ वर्षं विचारलं न्हाई, म्हणून सगळ्या वर्षांचं एकदम विचारतो. (माझा फोन तुमी उचलत न्हाई, म्हणून पत्र.)

परवा सांगलीत, विश्रामबागेत तुमच्या दारात गावाकडची अकरा माणसं पांढऱ्या टोप्या घालून रडत उभी राहिली, त्याचा खुलासा करायचा हाय. चूक माझी हाय, पण निम्मीच.

मला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय, हे तुमाला कळलं असंलच. (कळूनबी आला न्हाई, ते जाऊ द्या.) साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई मला केमो देत न्हाईत, दर तीन आठवड्यांनी दुसरंच औषध सलाईनमधनं सोडतात. त्या म्हणतात, कॅन्सरला हे औषध मारत न्हाई, आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारतात. पण तो लबाड 'मी घरचाच हाय' अशी खूण दाखवून त्यांना गप्प बसवतो. औषधानं ती खूण चालंनाशी होते आणि पेशी खवळून उठतात. कधी जास्तच खवळतात आणि घरच्यांवरच धावून जातात, म्हणून अंगाला खाज सुटली, जुलाब झाले, तर लगेच कळवायचं. मी म्हणालो, बाई, घरच्यांवर धावून जायचं आमच्या रक्तात औषधाच्या आधीपासनंच हाय.

तर ह्या औषधानं केस जात न्हाईत, आणि घोटाळा तिथंच झाला. गाव नारळ, बिस्किटाचे पुडे घेऊन मला बघायला येतं, आणि बघतं तर काय, मी मिशीला पीळ देत भाकरी चुरतोय! लोकांचा लय हिरमोड झाला. भावकीतली रंगूकाकी तर तोंडावर म्हणाली, "ह्यो कसला रं कॅन्सर, मेल्या? केस न्हाई गेलं, वजन न्हाई गेलं." आणलेली बिस्किटं परत नेली तिनं! पलटणीत वीस वर्षं काढली, कुणी खोटारडा म्हणालं न्हाई. डोकं फिरलं माझं. रविवारी नाथाजी न्हाव्याकडं गेलो आणि म्हणालो, डोकं, मिशी, सगळं उतरव. घ्या म्हणावं कॅन्सर!

पण आपल्यात मिशी कवा उतरवतात, हे ऐन वेळी ध्यानातच आलं न्हाई. गावानं हिशेब केला, आई-आबा जाऊन पंधरा वर्षं झाली, मग थोरलं उरलंय कोण? तुमीच. मला कुणी विचारलंसुद्धा न्हाई (दुःखातल्या माणसाला काय विचारायचं!), परस्पर वडापची जीप ठरवली आणि मंडळी सांगलीला निघाली. तुमी स्वतः दार उघडलंत, तशी रंगूकाकी मटकन खाली बसली म्हणे. मयताच्या घरी चहा मिळत न्हाई हे त्यांनी समजून घेतलं असतं, पण मयत समोर उभं आणि तरी चहा न्हाई, हे मंडळींना लय लागलंय.

पुढची गंमत ऐका. तिकडं जीप निघाली आणि इकडं आमच्या हिच्या, मंगलच्या बहिणीचा फोन आला, "हंबीरदादा गेलं." मी अंगणातच बसकण मारली आणि पोरासारखा रडलो. कॅन्सर कळला तवाबी रडलो न्हवतो. अर्ध्या तासानं मंगल म्हणाली, "आवं, ही आवई तुमच्याच टकलावरनं उठलीया!" तरी खात्री करायला तिच्या फोनवरनं तुमाला लावला. तुमी "कोण हाय?" म्हणून खेकसलात. लय बरं वाटलं, दादा. तेवढं ऐकून ठेवून दिला. तवर जीप कराड ओलांडून गेली होती.

जास्त काय लिहू, हात खाजतोय. (बाईंना कळवलंय.)

तुमचा, सध्या तरी असलेला,
लालासाहेब

ता.क. येत्या चौदा तारखेला सकाळी दहा वाजता बाईंनी स्कॅनचा रिपोर्ट सांगायला बोलावलंय. गाठ कमी झाली का वाढली, ते तवा कळणार. मंगलला एकटीला ते ऐकवायचं न्हाई, आणि मलाबी लय भ्या वाटतंय. तुमी या. खुलासा आपलं निमित्त, पत्र ह्यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता.क. लग्नात पयला फेटा व्याह्यांना बांधला, म्हणून तुमी भरल्या ताटावरनं उठून गेलात. ती चूक मात्र माझी, सगळी. चौदाला सातारा स्टँडवर फेटा घेऊन उभा राहतो. पयला तुमालाच बांधणार. दुसरा न्हाईच आणलेला, माझ्या टकलावर तो टिकत न्हाई.