पुन्हा धुतलेल्या पट्ट्यांची वही

मी, भागीरथा बळीराम तितरमारे, माहेरची निंबार्ते, वय साठ, निवृत्त परिचारिका, राहणार सक्करदरा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही, आणि ज्याने थांबवले असते त्याला मी विचारलेले नाही. मेडिकलच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, डॉक्टरांनी माझे हृदय वाढल्याचे सांगितले आहे. डोके मात्र जागेवर आहे, तसा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण वाटण्यासारखे फार नव्हते आणि सांगण्यासारखे होते ते सांगायची हिंमत नव्हती.

कलम १. सक्करदऱ्यातील दोन खोल्यांचे घर, मागच्या न्हाणीसह, माझी एकुलती मुलगी गोपिका हिला मिळावे. घर तिचे एकटीचे. जावईबापूंनी हे घर विकून गांधीबागेत कापडाचे दुकान घालण्याचा विषय दोनदा काढला आहे. माणूस वाईट नाही, पण विषय तिसऱ्यांदा काढू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही गोपिकानेच करावी.

कलम २. पोस्टातली शिल्लक आणि दोन बांगड्या गोपिकाच्या. शिलाई मशीन माझी जुनी सोबतीण सत्यवती हिला द्यायचे ठरवले होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. तिला विचारले तर ती म्हणाली, "मशीन राहू द्या सिस्टर. मले सहीच करू द्या." म्हणून मशीनही गोपिकाला. शेजारचे नानाजी भोयर यांनी दोन वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी त्यांनी आता ठेवून घ्यावी. ही देणगी नाही, मी मागून थकले म्हणून लिहीत आहे. त्यामुळे त्यांच्या साक्षीला बाध येऊ नये.

कलम ३. कुहीजवळच्या माहेरच्या धानाच्या बांध्यांत माझा हिस्सा नाही. वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही केली, ती शेती विकून माझा धाकटा भाऊ मधुकर डॉक्टर व्हावा म्हणून. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. मला तो 'बाई' म्हणतो. शिकत असताना तो आमच्याकडेच राहिला. माझे यजमान बळीराम तेव्हा गिरणीत होते. त्यांनी आपली सायकल मेव्हण्याला दिली आणि पाच वर्षे गिरणीत पायी गेले. ते कधी बोलून दाखवत नसत, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

कलम ४. माझी एक वही आहे, ती माझ्या ताब्यात नाही. तरीही ती माझी मालमत्ता आहे आणि ती गोपिकाला मिळावी. कोणती वही ते सांगते.

पिपरडोलचे वीजकेंद्र सुरू झाल्यावर बळीराम तिथे राख विभागात लागले आणि मी वसाहतीच्या दवाखान्यात नर्स म्हणून. वर्षभराने मधुकर त्याच दवाखान्याचा डॉक्टर होऊन आला. मी कॉलनीभर पेढे वाटले होते.

जखमांच्या पट्ट्या उकळून, धुऊन दवाखान्याच्या मागे तारेवर वाळत घालणे हे माझे काम होते. चिमणीच्या आधी राख पकडायचे यंत्र बसवलेले होते. ते चालू असले की पट्ट्या पांढऱ्या निघत. ते बिघडले, किंवा वीज वाचवायला बंद ठेवले, की दोन तासांत पट्ट्या राखाडी होत आणि पुन्हा धुवाव्या लागत. साबण जास्त का लागतो असे स्टोअरकीपर विचारी, म्हणून मी एका वहीत 'पट्ट्या पुन्हा धुतल्या' असे तारखेसह लिहू लागले. वही साबणासाठी होती, दुसरे काही मनात नव्हते.

पण रोग्यांचे रजिस्टरही मीच लिहीत होते. एकदा दोन्ही शेजारी उघडी होती. पट्ट्या पुन्हा धुतल्या त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस छाती धरून येणारी माणसे वाढत होती. खोकल्याची तर वाढतच, ते सगळ्यांना ठाऊक होते. ही माणसे खोकत नव्हती. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, डावा हात भरून येतो, घाम फुटतो, असे सांगत. दोन वर्षे मी दोन्हींचा मेळ घालून पाहिला. मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचे कारण राखच होते असे शपथेवर सांगणार नाही. पण दोन वर्षे मेळ चुकला नाही. ती वही मी मधुकरला दिली. डॉक्टरच्या तोंडची गोष्ट वरचे लोक ऐकतील असे मला वाटले. तो म्हणाला, "बाई, हे तू लय मोठं काम केलं वं. माह्यापाशी राहू दे."

तेव्हापासून वही त्याच्यापाशीच आहे.

कलम ५. मधुकरला माझ्या स्थावर-जंगमातून काहीही मिळू नये. का, ते गोपिकालाही पूर्ण ठाऊक नाही, म्हणून इथे लिहिते.

दवाखान्यात छातीचे दुखणे 'पित्त' म्हणून लिहायची रीत होती. आपल्याकडे माणूसही स्वतःहून तेच सांगतो. पित्त चढले म्हणतो, ओव्याचे पाणी पितो, सोडा पितो आणि कामावर जातो. लोकांची ती चूक होती, आणि दवाखान्याने तिची सोय करून घेतली. हृदय लिहिले की माणसाला शहरात पाठवा, रजा द्या, कामावर असता दुखले का याची चौकशी करा. मधुकर बोलायचा आणि मी लिहायची. हात माझा होता, हे मी नाकारत नाही.

चौदा फेब्रुवारी १९८३ रोजी सकाळी बळीराम ड्युटीवरून दवाखान्यात आले. आदल्या दिवसापासून राखेचे यंत्र बंद होते, पट्ट्या मी दोनदा धुतल्या होत्या. ते म्हणाले, "छातीत कसंतरी होऊन राहिलं वं. हात उचलत नाही." अंग घामाने ओले होते. मी मधुकरला म्हटले, ॲम्ब्युलन्स काढ, मेडिकलला नेऊ. त्याने नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले आणि म्हणाला, "काहून घाबरून राहिली? डॉक्टर मी आहे का तू? पित्त आहे. घरी निजव." मी रजिस्टरमध्ये नवऱ्याच्या नावापुढे 'पित्त' लिहिले, गोळी दिली आणि घरी नेले. दुपारी तीनला खाटेवरच ते गेले.

तेव्हा मी त्याला दोष दिला नाही. डॉक्टरही माणूस आहे, चुकतो, असेच सगळ्यांना सांगितले. तोही माझ्या मांडीवर डोके ठेवून रडला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढच्या वर्षी मुंबईहून पाहणीसाठी समिती आली. मी लुगडे बदलून बाहेर बाकावर बसले, मधुकर वही दाखवेल आणि मला आत बोलावतील म्हणून. दार उघडे होते. साहेबांनी विचारले, हृदयाचे रोगी? मधुकर म्हणाला, असे काही नाही, अपचन आणि पित्त, लोकांचे खाणे तिखट आहे. टेबलावर वही दिसली, कोणीतरी तिचे विचारले. तो हसून म्हणाला, "ती आमच्या नर्सची धुण्याची वही आहे." आतले सगळे हसले. मी उठून घरी आले.

आणि त्याला कळले नव्हते असेही नाही. मी वही दिली त्याच महिन्यात त्याने बायको-मुलांना धरमपेठेत भाड्याच्या घरात हलवले होते. मुलांना इथली हवा मानवत नाही, असे वहिनी मला म्हणाली होती. ते बळीराम जाण्याच्या चार महिने आधीचे. म्हणजे माझी वही त्याने नीट वाचली, तिच्यावर विश्वास ठेवला, आपली माणसे बाहेर काढली आणि माझ्या माणसाला घरी निजवायला सांगितले. समिती परत गेल्यावर त्याला बढती मिळाली. मी राजीनामा दिला आणि त्याला दार बंद केले. परक्याने केले असते तर मी भांडले असते. याला मी भरवून मोठा केला होता.

कलम ६. यंदा भाऊबीजेला तो आला. दार बंद केल्यापासून पहिल्यांदा. मी ओवाळले नाही, पण आत येऊ दिले. दाराच्या तीन पायऱ्या चढून तो खाटेवर बसला तो धापा टाकतच. नोव्हेंबरात शर्ट पाठीला चिकटला होता. डावा हात मांडीवर नुसता पडून होता. म्हणाला, "काही नाही वं बाई, पित्त चढलं. सोडा आहे का?"

मी नाडी पाहिली. ठोके चुकत होते. मी म्हटले, मेडिकलला चल. तो म्हणाला, "डॉक्टर मी आहे का तू?" आणि सोडा पिऊन निघून गेला. त्याचे बंगल्यातले बिऱ्हाड अजून पिपरडोललाच आहे. बायको-मुले शहरात, तो राखेत.

खरे लिहायचे तर, तो गेल्यावर मला बरे वाटले. भोग आता, असे मनात म्हटले. दोन दिवस मी तशीच बसून राहिले. काल मात्र मेडिकलला जाऊन त्याच्या नावाचा केसपेपर काढून आणला.

म्हणून हे एवढे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता लागू करावे. वकील म्हणाले, असे होत नाही, मृत्युपत्र मरणानंतरच चालते. मग याला मृत्युपत्र समजू नका, नर्सची सूचना समजा. दोन्ही साक्षीदारांनी सही होताच ऑटो करून पिपरडोलला जावे आणि हा केसपेपर घेऊन मधुकरला थेट मेडिकलला न्यावे. त्याला पायऱ्या चढू देऊ नये, चालवू नये, वाटेत सोडा पाजू नये. तो आपल्या डॉक्टरकीचा हवाला देईल, तिकडे लक्ष देऊ नये. नानाजींनी एसटी तीस वर्षे चालवली आहे, न ऐकणारी माणसे गाडीत कशी बसवायची ते त्यांना सांगायला नको.

मी त्याला माफ केलेले नाही, हे त्याला सांगावे. कलम ५ बदलणार नाही आणि वहीही द्यावीच लागेल. बळीरामला कोणी नेले नाही. याला न्या.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, सही करते.

भागीरथा बळीराम तितरमारे

आमच्यासमोर बाईंनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. सत्यवती किसन मेश्राम, निवृत्त आया
२. नानाजी गोविंदा भोयर, निवृत्त एसटी ड्रायव्हर

सक्करदरा, नागपूर
शुक्रवार, ७ नोव्हेंबर १९८६, सकाळी साडेदहा. ऑटो दारात उभा आहे.