बाबांनी वजन उलटं करून पाहिलं

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (दोन दिवस गाडी हाकून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मानेनंच केला असं समज.)

काल, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बाबांनी एका वाणसामानाच्या दुकानात दोन किलोचं वजन उचललं, उलटं करून पाहिलं, आणि माझ्या आयुष्याची वाट लागली. ते सगळं सविस्तर लिहितोच, पण आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. डॉक्टरनं जिना चढू नका म्हटलं म्हणे. तू त्याच्याशी भांडली असशीलच. डोकं तापणं आपल्या घराण्यातच आहे, म्हणून माझ्या रागाचं खापर एकट्या माझ्या डोक्यावर फोडू नये, एवढं आईला जमलं तर सांग.

तर सहल, आई-बाबा, धाकटी आणि मी अशी. कल्पना माझीच. जेवताना मी म्हणालो, "बाबा, नोकरीत तुम्ही जी गावं फिरलात ती एकदा दाखवा की." त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं आणि मला थोडी लाज वाटली, कारण त्यांतल्या तिसऱ्या गावी ती राहते. (ती म्हणजे कोण, हे धाकटीनं तुला कळवलं असेलच. तिच्या पोटात काही राहत नाही.) कॉलेजात माझ्यापुढे एक वर्ष होती. पास झाली आणि घरी जाऊन वडिलांचं दुकान बघायला लागली. ती गेल्यावर कॉलेजात उरलं काय? खडू आणि सर. सरांनी भर वर्गात मला झोपाळू म्हटलं, मी हजेरीचं बुक त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघून आलो, तो कायमचा. एवढं एक तिला कळवायचं राहून गेलं. तिला लिहिलेल्या पत्रांत मी अजून शेवटच्या वर्षाला होतो आणि अभ्यास जोरात चालू होता.

बाबा वजनमापे निरीक्षक होते हे आपण विसरलो असू, गावं विसरलेली नाहीत. पहिल्या गावात आम्ही गाडीतून उतरतो न उतरतो तोच समोरच्या तेलवाल्यानं दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. बाबा खूश. "बघ, बारा वर्षं झाली तरी ओळखलं!" आई म्हणाली, "हो ना, फळ्या काय प्रेमानं लावल्या!" दुसऱ्या गावात शिंप्याच्या दुकानावरची ती खोली पाहिली, जिथं दोघांनी संसार मांडला. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, "इथं मी पहिले आठ दिवस रडत होते आणि हे कोपऱ्यात बसून वजनं पुसत होते." बाबा म्हणाले, "काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून पुसत होतो." पुढे गाडीत आईनं मागून हात घालून त्यांची कॉलर नीट केली. (मी आरशात पाहिलं आणि उगाचच हॉर्न वाजवला.)

मुक्काम तिथंच करून काल तिसरं गाव. ती गल्ल्यापाशी उभी राहून साखर जोखत होती, वडील पोत्याला टेकून पेपर वाचत होते. 'अरे वा, तू इथं कशी?' हे वाक्य मी आरशासमोर चार दिवस घोटलं होतं. ते तोंडातून निघायच्या आत बाबांचा हात सवयीनं वजनाकडे गेला. तळाच्या शिशावरचा सरकारी तपासणीचा शिक्का त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "याची मुदत संपलीय." तिच्या वडिलांनी पेपर खाली केला आणि बाबांना ओळखलं. (पूर्वी त्यांचा तराजू बाबांनी जप्त केला होता. ही गोड आठवण बाबांना तिथंच व्हावी!)

माझं डोकं फिरलं. "रिटायर झालात ना? मग लोकांच्या वजनांत नाक कशाला खुपसता? ही माणसं काय चोर वाटली तुम्हाला?" वाटलं, आता ती कृतज्ञतेनं माझ्याकडे बघेल. ती म्हणाली, "ओरडतोस काय? बरोबर बोलतायत ते. चार महिने मी हेच सांगतेय आमच्या बाबांना." आणि दुकानातली यच्चयावत वजनं आणून तिनं बाबांपुढे मांडली! अर्धा तास दोघं शिसं आणि शिक्के यांवर बोलत होती. मी तांदळाच्या पोत्यावर. शेवटी तिनं सहज विचारलं, "हा शेवटच्या वर्षाला आहे ना?" बाबांना खोटं बोलता येत नाही, ही त्यांची जन्माची खोड. "छे! सहा महिने झाले कॉलेज सोडून."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे शिक्का नसलेलं वजन. दिसायला मात्र दोन किलो!" धाकटी हसून हसून खाली बसली. तिचे वडील हसले, बाबा हसले, आणि तराजूचं जुनं वैर माझ्या जिवावर मिटलं. निघताना ती गाडीच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "आता पत्र नको पाठवूस. पास झालास की ये. नाही झालास तर येऊ नकोस."

परतताना बाबा 'पोरगी चोख आहे' असं किमान चौदा वेळा म्हणाले. मी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. आणि आत्या, तुला म्हणून सांगतो, माझा निर्णय पक्का आहे. प्रेमबीम संपलं. कॉलेजचं तोंड बघणार नाही. कुणी अटी घालायच्या आणि मी वाकायचं, हे माझ्या रक्तात नाही.

तुझा मानी भाचा

ता. क. सोबत एक अर्ज आहे. पुन्हा प्रवेशाचा. खाली पालकाची सही लागते. बाबांकडे मागितली तर ते आनंदानं करतील, आणि तो आनंद मला बघवणार नाही. आत्याची सही चालते, सकाळीच कारकुनाला विचारून आलो. खूण केलीय तिथं कर आणि उलट टपाली पाठव. शनिवारी मुदत संपते.

आणखी एक ता. क. कारकून म्हणाला, सही आली तरी तेच सर 'हो' म्हणेपर्यंत अर्ज पुढे सरकणार नाही. सर पाचपर्यंत असतात. साडेचार झालेत. झोपाळू तर झोपाळू, म्हणेन. आई विचारतेय, इस्त्रीचा शर्ट घालून कुठं निघालास? सांगत नाही. तुझ्या पत्त्याचं पाकीट खिशात टाकलं, चपला घातल्या, हे दार ओढून घेतो. आपटलंच, तर ते वाऱ्यानं.